सीईटीतील संभाव्यता : आधी काय मोजायचे ते ठरव

नागपूरच्या नंदनवन भागात राहणाऱ्या, बारावी विज्ञान शाखेतील एका विद्यार्थिनीने विचारले आहे : “सर, दहावीपर्यंत मराठी माध्यम होते, आता सगळे इंग्रजीतून आहे. एमएचटी-सीईटीची तयारी करते आहे. संभाव्यतेची सर्व सूत्रे पाठ आहेत, तरी सराव परीक्षेत या प्रकरणाचे निम्मे प्रश्न चुकतात. बेरीज कधी करायची, गुणाकार कधी आणि निवडीचे सूत्र कधी, हेच कळत नाही. चुकलेले तीन प्रश्न पाठवते. पहिला : पेटीतील १२ संत्र्यांपैकी ३ सडकी आहेत, ३ संत्री काढली, तर किमान एक सडके असण्याची संभाव्यता किती? माझे उत्तर ३/४ आले, उत्तरसूचीत ३४/५५ आहे. दुसरा : ५२ पत्त्यांतून एकामागोमाग एक दोन पत्ते काढले, पहिला परत ठेवला नाही, दोन्ही राजे असण्याची संभाव्यता किती? माझे १/१६९, सूचीत १/२२१. तिसरा : एक उदाहरण तीन विद्यार्थी स्वतंत्रपणे सोडवायला घेतात, त्यांना ते सुटण्याच्या संभाव्यता १/२, १/३ आणि १/४ आहेत, उदाहरण सुटण्याची संभाव्यता किती? मी बेरीज केली, ती १३/१२ आली, म्हणून प्रश्न सोडून दिला.”

तिसऱ्या प्रश्नात १३/१२ आल्यावर तू थांबलीस, हे चांगले लक्षण आहे. संभाव्यता १ पेक्षा मोठी असू शकत नाही हे तुला त्या गडबडीतही आठवले. पुष्कळ मुले अशा वेळी पर्यायांमध्ये १२/१३ शोधतात आणि सापडला तर त्यावर खूण करून मोकळी होतात. मात्र तुझे तीन प्रश्न शेजारी शेजारी मांडून पाहिले, तेव्हा मला असे दिसले की पहिला आणि तिसरा हे वरवर अगदी वेगळे वाटणारे प्रश्न एकाच चुकीने बिघडले आहेत, आणि ती चूक कुठल्याही सूत्राची नाही. तू मोजायला लागलीस, पण काय मोजते आहेस हे ठरवले नव्हतेस. म्हणून सूत्रांकडे मी शेवटी येईन.

दहावीच्या पुस्तकात संभाव्यतेची जी व्याख्या आहे तीच सीईटीपर्यंत पुरते : घटनेला अनुकूल निष्पत्तींची संख्या भागिले नमुना अवकाशातील, म्हणजे घडू शकणाऱ्या, एकूण निष्पत्तींची संख्या. या व्याख्येत एक अट आहे, आणि ती वाचताना बहुतेकांची नजर तिच्यावरून घसरते : सर्व निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे घडण्याची सारखीच शक्यता असलेल्या, असल्या पाहिजेत. ही अट विसरल्याने शाळकरी मुलेच चुकतात असे नाही. दालाँबेर हा अठराव्या शतकातील नामांकित फ्रेंच गणिती. १७५४ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच ज्ञानकोशाच्या खंडात त्याने नाणे दोनदा फेकण्याचा प्रश्न चर्चेला घेतला. दोन फेकींत निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? त्याचे म्हणणे असे की पहिल्याच फेकीत छापा पडला तर खेळ संपला, म्हणजे शक्यता तीनच : छापा, काटा आणि मग छापा, काटा आणि पुन्हा काटा. यांपैकी दोन अनुकूल, म्हणून उत्तर २/३. खरे उत्तर ३/४ आहे. त्याच्या यादीत तीन ओळी आहेत हे खरे, पण पहिली ओळ एकटीच निम्म्या वेळा घडते आणि उरलेल्या दोन प्रत्येकी पाव वेळा. ओळी मोजून भागाकार करायचा असेल तर सगळ्या ओळींचे वजन सारखे हवे.

फाशांच्या बाबतीत हीच गोष्ट आणखी ठसठशीतपणे दिसते. सतराव्या शतकाच्या आरंभी गॅलिलिओपुढे एक कोडे आले होते. तीन फासे टाकले असता ९ ही बेरीज सहा प्रकारे येते आणि १० ही बेरीजही सहाच प्रकारे येते, तरी जुगाऱ्यांचा अनुभव असा की १० थोडी जास्त वेळा पडते. असे का? गॅलिलिओने प्रत्येक फासा वेगळा धरून मोजणी केली. १-२-६ हा एक ‘प्रकार’ प्रत्यक्षात सहा निष्पत्तींचा आहे, १-४-४ हा तीन निष्पत्तींचा आणि ३-३-३ हा एकाच निष्पत्तीचा. अशी मोजणी केली की एकूण २१६ निष्पत्तींपैकी ९ ला २५ मिळतात आणि १० ला २७. तुझ्या वहीवर ही मोजणी एकदा स्वतः कर. दहा मिनिटे लागतील आणि पुन्हा कधी दोन फाशांच्या प्रश्नात ३६ ऐवजी २१ लिहिण्याची वेळ येणार नाही. दोन फाशांसाठी तर बेरजांची गिनती तोंडपाठच असावी : २ पासून ७ पर्यंत बेरीज येण्याचे मार्ग १, २, ३, ४, ५, ६ असे चढत जातात आणि ८ पासून १२ पर्यंत ५, ४, ३, २, १ असे उतरतात.

म्हणून माझ्या वर्गातला पहिला नियम असा आहे की प्रश्न वाचून झाल्यावर सूत्र लिहायचे नाही. कच्च्या कागदावर एक नमुना निष्पत्ती लिहायची. दोन फासे असतील तर ‘(३, ५)’. तीन संत्री असतील तर ‘पहिले, चौथे आणि नववे संत्रे’. सहा जण बाकावर बसणार असतील तर सहा नावांची ओळ. हे लिहिले की दोन गोष्टी आपोआप ठरतात : निष्पत्तीमध्ये क्रम आहे की नाही, आणि तीच वस्तू पुन्हा येऊ शकते की नाही. क्रम आहे आणि पुन्हा येऊ शकते, तर घात. क्रम आहे आणि पुन्हा येऊ शकत नाही, तर उतरता गुणाकार, म्हणजे पुस्तकी भाषेत क्रमचय. क्रम नाही आणि पुन्हा येऊ शकत नाही, तर निवडीचे सूत्र. तू जे विचारतेस की ‘निवडीचे सूत्र कधी’, त्याचे उत्तर त्या एका नमुना निष्पत्तीत लिहिलेले असते.

दुसरा नियम याला जोडूनच येतो : छेद ज्या पद्धतीने मोजला, अंशही त्याच पद्धतीने मोजायचा. बारापैकी तीन सडक्या संत्र्यांच्या तुझ्या पेटीतून दोनच संत्री काढली आणि एक सडके, एक चांगले निघण्याची संभाव्यता विचारली, असे समज. क्रम न धरता मोजले तर एकूण जोड्या ६६, अनुकूल जोड्या ३ गुणिले ९ म्हणजे २७, उत्तर ९/२२. क्रम धरून मोजले तर एकूण १२ गुणिले ११ म्हणजे १३२, आणि अनुकूल ‘सडके-चांगले’ २७ अधिक ‘चांगले-सडके’ २७ म्हणजे ५४. उत्तर पुन्हा ९/२२. मात्र वर २७ आणि खाली १३२ लिहिणारी मुले दर वर्षी भेटतात. ते म्हणजे दूध लिटरने मोजून पैसे किलोच्या भावाने देण्यासारखे आहे. आणि दुर्दैव असे की २७/१३२ चे सुटसुटीत रूप, ९/४४, हे पर्यायांमध्ये हमखास दिलेले असते. पर्याय तयार करणाऱ्याला आपल्या चुका आपल्यापेक्षा चांगल्या माहीत असतात.

पद्धत एक ठरवली की ती शेवटपर्यंत पाळायची. मात्र कोणती ठरवायची याचे स्वातंत्र्य तुझे आहे, आणि वेळ तिथेच वाचतो. अंबाझरी तलावाच्या काठावर सहा मैत्रिणी एका बाकावर ओळीने बसल्या. त्यांतल्या दोन ठरावीक मैत्रिणी शेजारी असण्याची संभाव्यता किती? पुस्तकी पद्धत : एकूण ६!, अनुकूल २ गुणिले ५!, उत्तर १/३. पण प्रश्न फक्त दोघींबद्दल आहे. बाकीच्या चौघी कुठे बसतात याच्याशी आपल्याला देणेघेणे नाही. मग निष्पत्ती म्हणजे ‘त्या दोघींच्या दोन जागा’ एवढीच धरू. सहा जागांतून दोन जागा निवडण्याचे प्रकार १५, त्यांतल्या लगतच्या जोड्या ५, उत्तर १/३. कागदाला पेन न लावता झाले.

आता संत्र्यांच्या प्रश्नाकडे येऊ, कारण तो चुकवण्याचा मान मला स्वतःला मिळालेला आहे. शिकवायला लागलो त्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मी फळ्यावर अगदी आत्मविश्वासाने लिहिले : ‘किमान एक सडके हवे, म्हणून ३ सडक्यांतून एक निवडून घेऊ, म्हणजे ते काम झाले; उरलेली दोन संत्री बाकीच्या ११ मधून कोणतीही घेऊ.’ म्हणजे ३ गुणिले ५५, बरोबर १६५. एकूण निवडी २२०. उत्तर १६५/२२०, म्हणजे ३/४. तुझेही ३/४ याच रस्त्याने आले असणार. मागच्या बाकावर कळमन्याच्या बाजारात आडत असलेल्या घरातला एक मुलगा बसत असे. तो म्हणाला, “सर, चारच संत्री घ्या ना, दोन सडकी, दोन चांगली. त्यातून दोन काढा.” मी फळ्यावर मांडले : सडक्यांतून एक, २ प्रकारे, उरलेल्या तिघांतून एक, ३ प्रकारे, अनुकूल ६. एकूण निवडीही ६. संभाव्यता १! म्हणजे किमान एक सडके निघणे अटळ आहे. मुलाने शांतपणे विचारले, “मग दोन्ही चांगली निघूच शकत नाहीत का?” वर्ग हसला, आणि मला फळा पुसावा लागला.

चूक कुठे झाली ते आता नीट बघ, कारण हे एकदा पाहिले की पुरते. सडक्या संत्र्यांना क आणि ख म्हणू. ‘आधी क निवडले, मग उरलेल्यांतून ख घेतले’ आणि ‘आधी ख निवडले, मग उरलेल्यांतून क घेतले’ या दोन नोंदी माझ्या मोजणीत वेगळ्या पडल्या, पण हातात आलेली जोडी एकच आहे. ज्या निवडीत दोन सडकी आहेत ती मी दोनदा मोजली. तुझ्या पेटीतही हेच घडले. नेमके एक सडके असलेल्या निवडी ३ गुणिले ३६ म्हणजे १०८. नेमकी दोन सडकी असलेल्या ३ गुणिले ९ म्हणजे २७. तिन्ही सडकी असलेली १. खरी बेरीज १३६, आणि १३६/२२० म्हणजे ३४/५५. तुझ्या १६५ मध्ये १०८ एकदा, २७ दोनदा आणि १ तीनदा आला आहे : १०८ अधिक ५४ अधिक ३. हिशेब तंतोतंत जुळतो.

परीक्षेत मात्र तीन गटांची बेरीज करत बसायची नाही. प्रश्नपत्रिकेत ‘ॲट लीस्ट वन’ दिसले की मनात ‘किमान एक’ असे मराठीत म्हण आणि लगेच उलटा प्रश्न विचार : एकही सडके नाही, असे किती वेळा? नऊ चांगल्यांतून तीन, म्हणजे ८४ निवडी. ८४/२२० म्हणजे २१/५५, आणि १ वजा २१/५५ म्हणजे ३४/५५. पूरक घटनेचा हा मार्ग तुला सूत्र म्हणून माहीत आहेच. तो इथे सुचला नाही, कारण इंग्रजी शब्द वाचून त्याचा अर्थ मनात उमटण्याआधी हात चालू लागला. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी नेहमी सांगतो की या प्रकरणापुरते भाषांतर करायला लाजू नये. ‘ॲट मोस्ट वन’ म्हणजे जास्तीत जास्त एक, म्हणजे शून्यसुद्धा चालेल. हे शून्य इंग्रजीत वाचताना हटकून निसटते. ‘एक्झॅक्टली वन’ म्हणजे नेमके एक. ‘किमान एक’ आणि ‘नेमके एक’ यांची गल्लत ही माझ्या अनुभवात या प्रकरणातील सर्वांत महागडी गल्लत आहे, कारण दोन्हींची उत्तरे पर्यायांत असतात.

आता तुझा तिसरा प्रश्न. ‘उदाहरण सुटले’ याचा अर्थ तिघांपैकी किमान एकाने सोडवले. उलटा प्रश्न : तिघांनाही सुटले नाही. प्रत्येकाला न सुटण्याच्या संभाव्यता १/२, २/३, ३/४. ते स्वतंत्रपणे सोडवतात म्हणून गुणाकार, १/४. उत्तर ३/४. इतके सोपे असताना मी यावर थांबतो आहे, ते तुझ्या १३/१२ साठी. असे उदाहरण या तिघांना २४ वेळा दिले आणि सगळे अगदी संभाव्यतेच्या प्रमाणातच घडले, अशी कल्पना कर. ११ वेळा नेमक्या एकाला सुटेल, ६ वेळा नेमक्या दोघांना, १ वेळा तिघांनाही आणि ६ वेळा कोणालाच नाही. सुटले ते १८ वेळा, म्हणजे ३/४. तू केलेली बेरीज १३/१२, म्हणजे २४ पैकी २६. ती कशी आली? ११ एकदा, ६ दोनदा, १ तीनदा : ११ अधिक १२ अधिक ३, बरोबर २६. संत्र्यांच्या पेटीत जे झाले तेच इथे झाले. फक्त तिथे उत्तर १ च्या आत राहिले म्हणून तुला शंका आली नाही, आणि इथे ते बाहेर गेले म्हणून आली.

यातून ‘बेरीज कधी, गुणाकार कधी’ याचे उत्तर निघते. नुसती बेरीज तेव्हाच, जेव्हा दोन घटना एकाच वेळी घडू शकत नाहीत, म्हणजे त्या परस्पर अपवर्जी असतात. घडू शकत असतील तर दोनदा मोजलेला सामाईक भाग वजा करावा लागतो. एका पत्त्यात राजा किंवा बदाम येण्याची संभाव्यता ४ अधिक १३ वजा १, म्हणजे १६/५२, कारण बदामचा राजा दोन्हीकडे मोजला गेला होता. नुसता गुणाकार तेव्हाच, जेव्हा एक घटना घडल्याने दुसरीच्या संभाव्यतेत फरक पडत नाही, म्हणजे त्या स्वतंत्र असतात. फरक पडत असेल तर दुसरा गुणक बदलून घ्यावा लागतो. परस्पर अपवर्जी आणि स्वतंत्र हे शब्द मुलांच्या डोक्यात जुळ्या भावांसारखे राहतात, पण ते जवळजवळ विरुद्ध आहेत. दोन्ही घटनांची संभाव्यता शून्यापेक्षा जास्त असेल आणि त्या परस्पर अपवर्जी असतील, तर एक घडली की दुसरी घडणारच नाही हे ठरून जाते. इतक्या एकमेकींत गुंतलेल्या घटना स्वतंत्र कशा असतील?

तुझा दुसरा प्रश्न, राजांचा, याच गुणकाच्या बदलाचा आहे. पहिला राजा ४/५२. तो परत ठेवला नाही, म्हणून आता ५१ पत्ते आणि त्यांत ३ राजे. दुसरा गुणक ३/५१. गुणाकार १/२२१. तू दोन्ही वेळा ४/५२ घेतलेस, म्हणून १/१६९ आले; ते पत्ता परत ठेवण्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे. ‘विदाउट रिप्लेसमेंट’ हे दोन शब्द वाचले की पेन्सिलने अधोरेखित करता येत नाही, पेपर संगणकावर असतो. म्हणून कच्च्या कागदावर पहिल्या ओळीतच ‘परत नाही’ असे लिहून टाकायचे. याशिवाय इथे एक तपासणी आहे, ती मला फार आवडते. परत न ठेवता दोन पत्ते काढले तर क्रम धरून छेद ५२ गुणिले ५१ आहे, आणि या गुणाकारात १३ हा अवयव एकदाच येतो. १६९ म्हणजे १३ चा वर्ग. संक्षेप केल्याने छेदात नवा अवयव कधी येत नाही, म्हणून १६९ छेद असलेला पर्याय इथे असूच शकत नाही. याच न्यायाने दोन फाशांच्या, वेगळी अट न घातलेल्या प्रश्नात उत्तराचा छेद ३६ चा विभाजक असला पाहिजे. तुझ्या संत्र्यांच्या प्रश्नात छेद २२० चा विभाजक हवा. अर्थात ही चाळणी तुझ्या ३/४ ला अडवू शकली नसती, कारण ४ ने २२० ला भाग जातो. तिथे चार संत्र्यांचा प्रयोगच कामी येतो. आकडे लहान करून पाहण्याची ही युक्ती मी त्या मुलाकडून शिकलो आणि तेव्हापासून दर वर्षी वापरतो.

सशर्त संभाव्यतेचे सूत्र मुले पाठ करतात आणि वर काय, खाली काय यात अडकतात. अट म्हणजे नमुना अवकाशाला लावलेली कात्री, एवढेच ध्यानात ठेव. दोन फाशांची बेरीज ८ आली आहे असे कळले. मग एका फाशावर ३ असण्याची संभाव्यता किती? ३६ निष्पत्ती आता विसरायच्या. उरल्या पाच : (२, ६), (३, ५), (४, ४), (५, ३), (६, २). त्यांतल्या दोनमध्ये ३ आहे. उत्तर २/५. बेझचे प्रमेयही, म्हणजे परिणामावरून कारणाची संभाव्यता काढण्याचा नियमही, मी असेच शिकवतो. समज, एका अडत्याकडे ६० टक्के संत्री काटोलहून येतात आणि ४० टक्के नरखेडहून. पहिल्या मालात ५ टक्के सडकी, दुसऱ्यात १० टक्के. हे आकडे मी हिशेबाच्या सोयीने घेतले आहेत, काटोल-नरखेडच्या बागायतदारांनी मनाला लावून घेऊ नये. हाताला एक सडके संत्रे लागले. ते काटोलचे असण्याची संभाव्यता किती? एक हजार संत्री धर. काटोलची ६००, त्यांत सडकी ३०. नरखेडची ४००, त्यांत सडकी ४०. एकूण सडकी ७०, त्यांतली काटोलची ३०. उत्तर ३/७. प्रमेयाचे मोठे सूत्र लिहून हेच येते, पण त्याला वेळ लागतो आणि तोवर मूळ प्रश्न डोळ्यांसमोरून गेलेला असतो.

‘ऑड्स’ या शब्दाबद्दल एक वाक्य पुरे : ‘ऑड्स इन फेवर ३ : ५’ म्हणजे ३ अनुकूल आणि ५ प्रतिकूल, म्हणून संभाव्यता ३/८ आहे, ३/५ नव्हे.

लीप वर्षात ५३ रविवार येण्याचा प्रश्न तू केव्हा ना केव्हा सोडवला असशीलच, कारण तो दहावीपासून मुलांच्या मागे लागतो. ३६६ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर दोन लगतचे दिवस. अशा सात जोड्यांपैकी दोन जोड्यांत रविवार आहे, म्हणून २/७. परीक्षेत हेच उत्तर लिहायचे. पण ‘समसंभाव्य’ या अटीवर मी इतका वेळ घालवला आहे, तेव्हा हेही सांगतो की इथे ती अट काटेकोरपणे पाळली जात नाही. आपली इंग्रजी दिनदर्शिका दर ४०० वर्षांनी वारांसह जशीच्या तशी फिरून येते, आणि त्या ४०० वर्षांत ९७ लीप वर्षे असतात. ९७ ला ७ ने भाग जात नाही, तेव्हा सातही जोड्या सारख्या वेळा येणे शक्यच नाही. मोजले तर ९७ पैकी २८ लीप वर्षांत ५३ रविवार येतात, म्हणजे २/७ पेक्षा किंचित जास्त. पुढचे २०२८ हे लीप वर्ष शनिवारी सुरू होते, त्यात ५३ रविवार आहेत. दिनदर्शिका हातात आली की मोजून पाहा.

आता परीक्षेच्या हिशेबाकडे. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद. साधारण पाचवा हिस्सा अकरावीचा असतो, बाकी बारावीचा. अकरावीचे संभाव्यता प्रकरण पक्के असेल तर बारावीचे संभाव्यता वितरण आणि द्विपद वितरण ही दोन प्रकरणे निम्मी सोपी होतात, म्हणून या प्रकरणाला दिलेला वेळ वाया जात नाही. नमुना निष्पत्ती लिहायला दहा सेकंद लागतात. तेवढे देऊनही दीड मिनिटात उत्तराची दिशा दिसली नाही, तर प्रश्न खूण करून पुढे जावे. मात्र कोरा एकही ठेवू नये, कारण या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. चार पर्यायांचे पाच प्रश्न डोळे मिटून सोडवले तरी किमान एक बरोबर येण्याची संभाव्यता १ वजा ३/४ चा पाचवा घात, म्हणजे ७८१/१०२४, शेकडा ७६ च्या वर. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला वजा १ असल्यामुळे आंधळ्या अंदाजाची सरासरी कमाई प्रश्नामागे पाव गुण इतकीच उरते. एखादा पर्याय छेदाच्या चाळणीत गळाला तर ती वाढते.

सरावासाठी पुढचे आठ-दहा दिवस नवीन प्रश्नसंच उघडू नकोस. आजवर चुकलेले प्रश्नच घे, उत्तर न काढता प्रत्येकाची फक्त एक नमुना निष्पत्ती लिही आणि पुढे ‘क्रम आहे’ किंवा ‘क्रम नाही’, ‘परत’ किंवा ‘परत नाही’ एवढीच नोंद कर. एप्रिल-मे महिन्यांतल्या नागपूरच्या उन्हात, केंद्रावर पोहोचेपर्यंत डोके तापलेले असते, तेव्हा सवयीने होईल तेवढेच होते.

आणि एक प्रश्न माझ्याकडून. १६५४ साली पास्काल आणि फर्मा या फ्रेंच गणितींमध्ये संभाव्यतेवरचा प्रसिद्ध पत्रव्यवहार झाला, त्याला कारण ठरलेल्या शेव्हालिए द मेरे या जुगारप्रेमी लेखकाची ही अडचण होती. एक फासा ४ वेळा टाकला तर किमान एकदा ६ पडण्यावर पैज लावणे फायद्याचे ठरते. मग दोन फासे २४ वेळा टाकले तर किमान एकदा दोन्हींवर ६ पडण्यावर पैज लावणेही तितकेच फायद्याचे असायला हवे, कारण ६ ला ४ जसे, तसे ३६ ला २४. पहिल्या पैजेचे उत्तर तुला कागदावर काढता येईल. ते ६७१/१२९६ आहे, निम्म्याहून जरा जास्त. दुसरे उलट्या प्रश्नाने मांड, नमुना निष्पत्ती आधी लिही, आणि ३५/३६ चा चोविसावा घात काढायला घरी कॅल्क्युलेटर घ्यायला हरकत नाही. उत्तर ०.४९ च्या आसपास आले पाहिजे. ०.५१ च्या वर आले, तर कोणती निष्पत्ती दोनदा मोजलीस ते मला कळव.